क्लायंटचा फोल्डर बनतच नाही, दोनदा बनतो किंवा भलत्या वर्षात जातो: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नवं काम आलं की क्लायंट गूगल फॉर्म भरतो. उत्तर शीटमध्ये उतरतं. शीटला जोडलेली ॲप्स स्क्रिप्ट, म्हणजे गूगलमध्येच चालणारा छोटा प्रोग्राम, ड्राइव्हमध्ये चालू आर्थिक वर्षाखाली त्या क्लायंटचा फोल्डर बनवते, त्यात ब्रीफ, चालू काम, अंतिम फाइली आणि बिलं असे चार कप्पे पाडते, कराराच्या मसुद्याची प्रत ठेवते आणि क्लायंटला लिंक पाठवते. डिझायनर, भाषांतरकार, व्हिडिओ एडिटर अशा एकेकट्याने काम करणाऱ्यांसाठी मी ही मांडणी बसवून देते. नंतर तीच बिघडली म्हणून फोन येतात आणि बिघाड बहुतेक वेळा ठरावीकच निघतात. ते एका जागी असावेत म्हणून हे लिहिते आहे. तुम्ही स्क्रिप्टऐवजी झॅपियर, मेक किंवा एन८एन अशी ॲप एकमेकांना जोडणारी साधनं वापरत असाल तर बटणं वेगळी असतील, पण तपासायचा क्रम हाच ठेवा.

आधी लक्षणं. यातलं तुमचं कोणतं ते ओळखा:

- फॉर्म भरला, शीटमध्ये ओळ आली, फोल्डर मात्र नाही.
- एकाच नावाचे दोन फोल्डर बनले. अर्ध्या फाइली एकात, अर्ध्या दुसऱ्यात.
- फोल्डरचं नाव ‘अनडिफाइन्ड’ आलं.
- फोल्डर बनला, पण चारपैकी दोनच कप्पे. कराराचा मसुदा आत आलाच नाही.
- फोल्डर चुकीच्या आर्थिक वर्षाखाली गेला.
- ब्राउझरमध्ये दिसतो, लॅपटॉपवर उतरत नाही.
- क्लायंट म्हणतो, ‘परवानगी नाही असं येतंय.’
- एका क्लायंटला दुसऱ्याचं काम दिसतं.
- आठवडाभर सगळं सुरळीत, मग अचानक बंद. पुन्हा जोडलं की पुन्हा आठवडाभर चालतं.

शेवटून दुसरं लक्षण असेल तर बाकी काही करू नका. आधी ट्रिगर (फॉर्म भरला की स्क्रिप्ट आपोआप चालवणारी सोय) बंद करा, शेअरिंग काढा आणि थेट खालच्या परवानग्यांच्या भागाकडे जा. दोन-दोन फोल्डर बनत असतील तरी ट्रिगर आधी बंदच करा. आणि कोणत्याही परिस्थितीत निदान होईपर्यंत काहीही डिलीट करू नका. फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं तरी त्याचा आयडी, म्हणजे लिंकमध्ये दिसणारी त्याची अक्षर-अंकांची ओळख, तोच राहतो, लिंकही चालू राहते. डिलीट केल्यावर मात्र कचऱ्यात ३० दिवसच मिळतात.

फोल्डर खरंच नाही का?

याला पैसा लागत नाही आणि वेळही फारसा जात नाही. ब्राउझरमध्ये वरच्या कोपऱ्यात कोणतं खातं उघडं आहे ते पाहा. घरचं आणि कामाचं अशी दोन खाती एकाच ब्राउझरमध्ये असली की माणूस भलत्याच ड्राइव्हमध्ये शोधत बसतो. मग शोधपट्टीत क्लायंटचं नाव घालून प्रकार ‘फोल्डर’ निवडा. कचराही उघडून पाहा. फोल्डर सापडला पण जागा चुकली असेल तर त्यावर क्लिक करून उजवीकडचा तपशील उघडा आणि ‘ॲक्टिव्हिटी’ वाचा: कोणी, कधी, कुठून कुठे हलवला ते तिथे लिहिलेलं असतं. माउसने ओढताना एक फोल्डर शेजारच्या फोल्डरात पडणं ही रोजची गोष्ट आहे. अशा वेळी स्क्रिप्टला हात लावायची गरजच नसते.

त्याच तपशिलात मालक कोण तेही बघून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

जागा शिल्लक आहे का?

वैयक्तिक गूगल खात्याला १५ जीबी मोफत मिळतात आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून असतात. व्हिडिओचं काम करणाऱ्यांचे ते बघता बघता भरतात. रिकामा फोल्डर जागा खात नाही, पण भरलेल्या खात्यात नवी फाइल चढत नाही आणि नवं डॉक्युमेंटही बनत नाही. म्हणून स्क्रिप्ट पहिले दोन कप्पे बनवते आणि कराराच्या मसुद्याची प्रत काढताना थांबते. अर्धवट फोल्डर दिसला की पहिला संशय जागेवर घ्या. जून २०२१ पासून नवे गूगल डॉक्स आणि शीटही या हिशोबात मोजले जातात, त्यामुळे ‘डॉक्सला जागा लागत नाही’ हा जुना समज सोडा.

ब्राउझरमध्ये आहे, लॅपटॉपवर नाही

हा बिघाड बहुतेक वेळा नावाचा असतो. ड्राइव्हला नावात जवळजवळ काहीही चालतं. विंडोजला \ / : * ? " < > | ही नऊ चिन्हं चालत नाहीत. फोल्डरच्या नावात ‘१२/०४/२०२५’ अशी तारीख घालणारी स्क्रिप्ट मी वारंवार पाहते. तारीख ‘२०२५-०४-१२’ अशी लिहा, म्हणजे यादीही कालक्रमाने लागते. नावाच्या शेवटी मोकळी जागा किंवा पूर्णविराम राहिला तरी विंडोज अडखळतं.

दुसरं, लांबी. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावापर्यंतचा अख्खा मार्ग सहसा २६० अक्षरांत बसावा लागतो. वर्ष, क्लायंट, प्रकल्प, कप्पा आणि शेवटी ‘अंतिम-अंतिम-दुरुस्त’ अशी फाइल, की तो ओलांडलाच. तुम्ही बॅकअप लिनक्सवर चालणाऱ्या साठवणीच्या डबीवर (एनएएस) घेत असाल तर अजून एक मर्यादा आहे: तिथे एका नावाला साधारणपणे २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी धरून, ३ बाइट घेतं. नाव ८५ चिन्हांत संपवावं लागतं.

स्क्रिप्टची नोंदवही वाचा

इथवर उत्तर मिळालं नसेल तर ॲप्स स्क्रिप्ट उघडा आणि डावीकडे ‘एक्झिक्युशन्स’ पाहा. स्क्रिप्ट कधी चालली, पूर्ण झाली की पडली, हे तिथे ओळीने असतं. फॉर्म ज्या वेळी भरला ती वेळ शीटमधून घ्या आणि इथे शोधा. लोक हे पान न उघडता थेट कोड बदलायला लागतात आणि मग मूळ बिघाड कोणता आणि नवा कोणता हेच कळेनासं होतं. म्हणून मी यावर इतका जोर देते.

त्या वेळेची नोंदच नाही, म्हणजे ट्रिगर उडालाच नाही. ‘ट्रिगर्स’ पान उघडा. शीटची प्रत काढून नवी शीट वापरायला घेतली असेल तर स्क्रिप्ट प्रतीबरोबर येते, पण बसवलेला ट्रिगर येत नाही. तो पुन्हा बसवावा लागतो. ट्रिगर ‘शीटमध्ये बदल झाल्यावर’ चालणारा साधा ‘ऑन एडिट’ असेल तर तो दोन कारणांनी निकामी आहे. फॉर्ममधून आलेल्या ओळीला तो बदल मानत नाही आणि ड्राइव्हला हात लावायची परवानगीही त्याला नसते. ‘फॉर्म सबमिट झाल्यावर’ चालणारा ट्रिगर हवा आणि तो ट्रिगर्स पानावरून बसवलेला हवा.

नोंद आहे पण लाल आहे, म्हणजे स्क्रिप्ट चालली आणि पडली. संदेश पूर्ण वाचा. परवानगीबद्दल असेल तर कोडमध्ये अलीकडे काहीतरी नवं जोडलेलं असतं, समजा मेल पाठवणं. नव्या सेवेला नवी परवानगी लागते, आणि ट्रिगर तुमच्यासमोर खिडकी उघडून ती मागू शकत नाही. ॲप्स स्क्रिप्टच्या कोड लिहायच्या पानावर जाऊन फंक्शन एकदा हाताने चालवा, परवानगी द्या, काम झालं. संदेश वेळ संपल्याचा असेल तर वैयक्तिक खात्यावर एका वेळी सहा मिनिटांची मर्यादा असते हे लक्षात घ्या. एक फोल्डर बनवायला इतका वेळ लागत नाही. स्क्रिप्ट दर वेळी सगळे जुने क्लायंट धुंडाळत असणार.

नोंद आहे, ‘पूर्ण’ म्हणते, तरी निकाल चुकीचा. मग पुढे वाचा.

याच पानांवर असताना एक सोय करून घ्या. ट्रिगरच्या सेटिंगमध्ये बिघाडाची सूचना कधी यावी ते ठरवता येतं. ती ‘ताबडतोब’ करा. क्लायंटच्या आधी तुम्हाला कळायला हवं.

‘अनडिफाइन्ड’ नावाचा फोल्डर

फॉर्ममधला प्रश्न कोणीतरी सुधारला आहे. ‘क्लायंटचं नाव’ होतं, त्याचं ‘संस्थेचं / क्लायंटचं नाव’ झालं. स्क्रिप्ट उत्तर शोधते ते स्तंभाच्या शीर्षकावरून. शीर्षक एका मात्रेनेही बदललं की तिला काही सापडत नाही आणि ती रिकाम्या हाताने फोल्डर बनवते. शीर्षक आणि कोड पुन्हा जुळवा. आणि नाव मिळालं नाही तर फोल्डर न बनवता तुम्हाला मेल पाठव, अशी एक ओळ कोडमध्ये घालून घ्या.

दोन फोल्डर

सर्वात जास्त वेळ खाणारा बिघाड हाच, आणि मराठीत काम करणाऱ्यांना तो जास्त छळतो.

आधी सोपी कारणं. ट्रिगर्स पानावर एकाच फंक्शनचे दोन ट्रिगर आहेत का? एक काढा. मग दोन्ही फोल्डरांचे मालक पाहा. एकाचे मालक तुम्ही आणि दुसऱ्याचा तुमचा भागीदार असेल तर त्याने त्याच्या खात्यावरूनही ट्रिगर बसवला आहे. ट्रिगर ज्याने बसवला त्याच्या नावाने चालतो, म्हणून फोल्डरही त्याच्या मालकीचा होतो. तो त्यालाच काढायला सांगा.

दोन्ही फोल्डर तुमचेच असतील, ट्रिगर एकच असेल, तर नावं तपासा. ड्राइव्हला एका जागी एकाच नावाचे कितीही फोल्डर चालतात, तो अडवत नाही. स्क्रिप्ट ‘या नावाचा फोल्डर आहे का’ असं विचारते, आणि डोळ्याला सारखी दिसणारी दोन नावं यंत्राला वेगळी असू शकतात. नेहमीच्या जागा या:

नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागा. फोनच्या कीबोर्डवर शब्द निवडला की ती आपोआप पडते.

‘ॲ’. ‘ॲड.’ आणि ‘अॅड.’ ही एकाच वकीलसाहेबांची दोन रूपं. पहिल्यात ॲ हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात अ वर अर्धचंद्र वेगळा दिलेला आहे. युनिकोडची नेहमीची सारखेपणाची प्रक्रिया, म्हणजे नॉर्मलायझेशन, या दोघांना एक करत नाही. ते तुम्हालाच बदलून घ्यावं लागतं.

‘ऱ्’. कऱ्हाडचा क्लायंट असला की हे येतंच. कोणी ‘ऱ’ चा पाय मोडून ‘ह’ जोडतो, कोणाचा कीबोर्ड साध्या ‘र’ चा पाय मोडून मध्ये झीरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह टाकतो. पडद्यावर दोन्ही कऱ्हाडच. इथे सरसकट न दिसणारी चिन्हं पुसून टाकू नका, कारण मग ‘र’ चा रफार होतो आणि नाव ‘कर्हाड’ दिसू लागतं. आधी त्या जोडीच्या जागी पाय मोडलेला ‘ऱ’ घाला, मगच उरलेली न दिसणारी चिन्हं काढा.

आकडे. ‘टप्पा २’ देवनागरीत आणि इंग्रजी अंकात ही दोन वेगळी नावं आहेत.

ही सगळी साफसफाई कोडमध्ये जरूर करा. पण माझं ठाम मत आहे की ती मलमपट्टी आहे. नावावरून फोल्डर शोधणं हेच बंद करायला हवं. नाव म्हणजे दारावरची पाटी, आयडी म्हणजे सातबाऱ्यावरचा गट क्रमांक. व्यवहार क्रमांकावर करायचा असतो. शीटमध्ये एक वेगळं पान ठेवा: क्लायंट संकेतांक, नाव, फोल्डर आयडी. जुन्या क्लायंटला फॉर्मची लिंक पाठवतानाच त्याचा संकेतांक आधीच भरलेला असू द्या. स्क्रिप्टने संकेतांक बघायचा, आयडी असेल तर तो फोल्डर उघडायचा, नसेल तरच नवा बनवायचा.

यात दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. आयडी फोल्डर बनल्या क्षणी शीटमध्ये लिहायचा, सगळे कप्पे झाल्यावर नव्हे. मध्येच स्क्रिप्ट पडली तर पुढच्या वेळी तिला आयडी सापडत नाही आणि ती दुसरा फोल्डर बनवते. आणि आयडीने फोल्डर उघडला तरी तो कचऱ्यात नाही ना हे विचारायचं, कारण कचऱ्यातला फोल्डरही आयडीने उघडतो. त्यात गेलेल्या फाइली महिन्याभरात नाहीशा होतात, आणि तोवर कोणाच्या लक्षातही येत नाही.

क्लायंटने ‘सबमिट’ पाठोपाठ दोनदा दाबलं किंवा दोघांनी एकाच वेळी फॉर्म भरला तर स्क्रिप्टच्या दोन धावा समांतर चालतात आणि दोघींनाही फोल्डर ‘नाही’ असंच दिसतं. यासाठी ॲप्स स्क्रिप्टमध्ये ‘लॉक सर्व्हिस’ आहे. पहिली धाव संपेपर्यंत दुसरी थांबते. आयडीचा स्तंभ आणि लॉक, दोन्ही लागतात. एकावर भागत नाही.

चुकीचं आर्थिक वर्ष

बिलं, टीडीएस आणि विवरणपत्र यांचा हिशोब एप्रिल ते मार्च चालतो, म्हणून वर्षाचे फोल्डर ‘२०२५-२६’ असेच हवेत. चुकलेल्या फोल्डरांच्या तारखा पाहा, कारण तारखाच सांगतात:

जानेवारी ते मार्चची कामं पुढच्या वर्षात गेली असतील तर स्क्रिप्ट कॅलेंडरचं वर्ष घेते आहे.

फक्त एप्रिलची कामं मागच्या वर्षात गेली असतील तर महिन्यांची मोजणी चुकली आहे. जावास्क्रिप्टमध्ये जानेवारी म्हणजे शून्य, त्यामुळे एप्रिल म्हणजे ३. कोडमध्ये ४ लिहिलं असेल तर अख्खा एप्रिल मागे ढकलला जातो.

फक्त १ एप्रिलच्या सकाळचं काम मागे गेलं असेल तर टाइम झोन बघा. स्क्रिप्टचा झोन न्यू यॉर्कचा असेल तर आपल्याकडे १ एप्रिलचे सकाळचे ८ वाजलेले असताना तिथे ३१ मार्चची रात्र असते. स्क्रिप्टच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये आणि शीटच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे, कोलकाता निवडा. त्या दोन वेगळ्या जागा आहेत.

परवानग्या

‘परवानगी नाही’ म्हणणारा क्लायंट बहुतेक वेळा दुसऱ्या खात्यातून लिंक उघडत असतो. फॉर्ममध्ये ऑफिसचा पत्ता दिला, फोनवर घरचं जीमेल चालू. त्यालाच विचारा: कोणत्या पत्त्यावरून उघडलंत? ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा सोपा मार्ग म्हणून देऊ नका. ती लिंक व्हॉट्सॲपवर पुढे गेली की तुमच्या हातात काही राहत नाही.

एकाला दुसऱ्याचं दिसत असेल तर वरचा फोल्डर शेअर झालेला आहे. वर दिलेली परवानगी खालच्या सगळ्या कप्प्यांत झिरपते. ‘क्लायंट’ हा मुख्य फोल्डर आणि वर्षाचे फोल्डर कोणाशीही शेअर असता कामा नयेत. तुमची दरपत्रकं आणि बिलांचे कच्चे हिशोब क्लायंटच्या फोल्डरात ठेवूच नका, त्यांचं झाड वेगळं असू द्या. दुरुस्तीनंतर इन्कॉग्निटो खिडकीत लॉगिन न करता लिंक उघडून पाहा. उघडली तर अजून काम बाकी आहे.

आणखी एक गोष्ट: क्लायंटने तुमच्या फोल्डरात टाकलेल्या फाइलची मालकी त्याचीच राहते. त्याने नोकरी सोडली आणि कंपनीने खातं बंद केलं की फाइलही जाऊ शकते. काम सुरू करतानाच स्वतःची प्रत काढा.

दर आठवड्याला तुटणारी जोडणी

हे स्वतःच्या सर्व्हरवर एन८एन चालवणाऱ्यांचं दुखणं. गूगल क्लाउडमध्ये बनवलेला प्रकल्प ‘टेस्टिंग’ अवस्थेत असेल तर ड्राइव्हसाठी दिलेली परवानगी सात दिवसांत संपते. संमती पडद्याच्या (ओऑथ कन्सेंट स्क्रीनच्या) सेटिंगमध्ये तो ‘इन प्रॉडक्शन’ करा आणि जोडणी पुन्हा एकदा द्या. पासवर्ड बदलत बसण्याने काही होणार नाही.

कुठे थांबायचं

स्क्रिप्टने फोल्डर पुसले असतील तर तिथेच थांबा, ती पुन्हा चालवू नका. कचऱ्यातून परत आणता येतं का ते पाहा. कचराही रिकामा झाला असेल आणि खातं गूगल वर्कस्पेसचं, म्हणजे संस्थेचं, असेल तर प्रशासकाकडे त्यानंतर २५ दिवस असतात; आजच फोन करा.

क्लायंटच्या कंपनीने बाहेरचं शेअरिंग बंद केलं असेल तर आडवाट शोधू नका, त्यांच्या आयटी विभागाला लिहा. एका क्लायंटची गोपनीय फाइल दुसऱ्याने खरोखर उघडली असेल आणि करारात गोपनीयतेचं कलम असेल, तर तो प्रश्न तंत्राचा राहिलेला नाही. ज्याची फाइल आहे त्याला स्वतःहून कळवा आणि वकिलाशी बोला. खात्यात अनोळखी ॲप किंवा अनोळखी लॉगिन दिसलं तर आधी पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि सुरक्षेचं काम जाणणाऱ्याला बोलवा.

आणि काम उद्या द्यायचं असेल तर दुरुस्ती बाजूला ठेवा. चार कप्पे हाताने बनवा, आयडी शीटमध्ये लिहा, क्लायंटला लिंक द्या. चार फोल्डर बनवायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

जाणकाराला बोलावताना पासवर्ड देऊ नका. खोटी नावं घातलेली शीटची प्रत, ‘एक्झिक्युशन्स’मधला पूर्ण संदेश आणि बिघाड झालेल्या फॉर्मची वेळ एवढं द्या; बहुतेकांना त्यावरून कारण कळतं. मूळ शीटवर काम करायची वेळ आली तर त्यांना संपादक म्हणून जोडा आणि काम झाल्यावर काढा. निरोप देण्याआधी ट्रिगर कोणाच्या खात्यावर आहे ते पाहा. त्यांच्या खात्यावर राहिला असेल तर तो त्यांना काढायला लावा आणि स्वतःच्या खात्यातून नवा बसवा, नाहीतर पुढचा प्रत्येक फोल्डर त्यांच्या मालकीचा बनेल.